वासाचा सेन्सर करताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

कॉलेजच्या प्रकल्पासाठी वास ओळखणारा सेन्सर बनवायचा, हा विषय झकास निवडलाय. १९८२ साली इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात परसॉद आणि डॉड यांनी 'इलेक्ट्रॉनिक नाक', म्हणजे वास ओळखणारं यंत्र, मांडलं, तेही टिन ऑक्साइडच्या मोजक्या तीन सेन्सरांवर. त्यामुळे तुमच्या स्वस्त एमक्यू-३ ला (अल्कोहोलची वाफ टिपणारा, टिन ऑक्साइडचाच सेन्सर) कमी लेखू नका.

नवखे हमखास इथे चुकतात:

- जोडला की लगेच आकडे टिपतात. आतला हीटर तापून आकडा स्थिरावू द्या. कोरा सेन्सर आधी २४ तास चालूच ठेवा.
- हीटर मायक्रोकंट्रोलरच्या (सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या छोट्या चिपच्या) पिनवर चालवतात. त्याला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा हवा.
- 'फक्त अल्कोहोल ओळखतो' असं लिहून मोकळे होतात. पेट्रोलची वाफसुद्धा त्याला चाळवते.

आणि दमटपणा! सेन्सरजवळ नुसतं ओलं फडकं धरा, आकडा हलताना दिसेल. माझी जुलैतली सगळी मोजमापं यामुळेच वाया गेली होती. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहाच.

मशिन लर्निंग (नोंदींवरून संगणकाला वास ओळखायला शिकवणं) सध्या बाजूला ठेवा; आधी आकडे भरवशाचे होऊ द्या.

काही खरंच नवं हाती लागलं, तर पेपर किंवा प्रदर्शनाआधी कॉलेजच्या पेटंट कक्षाला भेटा. आधी जाहीर केलेल्या गोष्टीला पेटंट मिळणं फार अवघड. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.