पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग संस्थेत मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळेल, जिल्ह्याच्या कॉलेजात कम्प्युटर. काय घ्यावं?

आधी एक विचारतो: मेटलर्जीत चार वर्षं नेमकं काय शिकवतात, हे पाहिलंय का? अभ्यासक्रम वेबसाइटवर असतो, तो उघडा. धातू का तुटतो, पोलादाला कडकपणा कसा येतो, हे वाचून डोकं चालायला लागलं तर बिनधास्त सीओईपी घ्या. 1854 पासूनची संस्था आहे, प्रयोगशाळा आणि माजी विद्यार्थी दोन्ही कामाला येतील. पण ‘नाव मोठं, पुढचं पुढे बघू’ असा हिशोब असेल तर थांबा. नावडत्या विषयाची सबमिशन्स नातेवाईक लिहून देत नाहीत.

दुसऱ्या कॉलेजचंही तसंच. नॅक आणि एनबीए कॉलेजांचा दर्जा तपासतात. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला असते, एनबीएची मान्यता मात्र एकेका शाखेला. म्हणून कम्प्युटर शाखेला एनबीए आहे का ते बघा. आणि प्लेसमेंटचा सर्वांत मोठा आकडा दाखवला तर पगाराच्या क्रमवारीत बरोबर मधोमध असलेल्या विद्यार्थ्याचं पॅकेज विचारा. तिथे बरेच कॉलेजवाले बोलण्याचा विषय बदलतात! तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना कॅंटीनमध्ये गाठा: तास होतात का, प्रोजेक्ट स्वतः करता की विकत आणता? माहितीपत्रकापेक्षा हे खरं.

घरच्यांशी बोलताना होस्टेल-मेसचा खर्चही मांडा, तो फीपेक्षा जास्त भरू शकतो.

एक मात्र सांभाळा. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. त्यामुळे क्रमांक एकवर काकांना आवडणारं कॉलेज टाकू नका.