२५ माणसांच्या ऑफिसात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज) काढून आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग घ्यावं का?

घ्या, पण आधी नेटवर्क स्विच (ज्या डब्यात सगळ्या फोनच्या केबल येतात) आणि राउटर यूपीएसवर आहेत का ते बघा, ते बंद तर फोनही बंद.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात १९ वर्षं टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होते. कुठल्या पार्टीचा फोन साहेब मीटिंगमध्ये असले तरी द्यायचाच, हे मला आवाजावरून कळायचं. २०१७ ला बोर्ड काढून आयपी फोन घ्यायचं ठरलं तेव्हा मी एवढंच विचारलं की लाइट गेल्यावर हे फोन कसे चालणार, तर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम तुम्ही नोकरी जाईल म्हणून घाबरताय. मी गप्प बसले.

त्याच पावसाळ्यात दुपारी फीडर ट्रिप होऊन लाइट गेली, स्टोअरच्या जिन्यावर अंधारात एक पोरगा घसरला, डोक्याला खोक पडली. सुपरवायझरनी फोन उचलला तर स्क्रीन काळी, डायल टोन नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, शेवटी कोणीतरी पावसात गेटपर्यंत पळत गेलं आणि तिथून १०८ ला फोन केला. पोरगा वाचला, सात टाके पडले. जुन्या मशीनला बॅटरी होती, आणि ती उतरली तरी बाहेरची लाइन आपोआप गेटवरच्या साध्या फोनला जोडली जायची, कारण तांब्याच्या लाइनला करंट एक्सचेंजमधून येतो, ४८ व्होल्ट. हे मला माहीत होतं, पण बोर्डावरच्या बाईला कोण विचारतं!

फोनसाठी इंटरनेट स्पीडचं टेन्शन घेऊ नका. आवाजाच्या एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी शंभरच्या आत केबीपीएस लागतात, दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आसपासच. आवाज तुटतो तो कोणीतरी त्याच वेळी मोठी ड्रॉइंग अपलोड करत असतं म्हणून, तेव्हा फोनचं व्हीलॅन (त्याच केबलवरचा वेगळा कप्पा) वेगळं करून त्याला प्रायॉरिटी द्यायला सांगा. व्हिडिओसाठी कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या माइकवर पैसे घाला, टाइल्स आणि काचेच्या खोलीत लॅपटॉपवर बोललात तर समोरच्याला नुसतं घुमलेलं ऐकू येतं.

हां, तुमची लँडलाइन आधीच फायबरवर असेल तर तांब्याचं वरचं सगळं लागू नाही, फायबरच्या त्या डब्यालाही (मॉडेमला) लाइट लागते, तोही यूपीएसवर घ्या.

आणि कोटेशन मागवायच्या आधी तुमच्या ऑपरेटरला शेजारी बसवून विचारा, कुठला फोन कधी बंद पडलेला चालणार नाही. आमच्याकडे यूपीएस आला तो त्या पोराचे टाके निघाल्यावर.