सेंटओएस ७ वरचा सर्व्हर बदलायचा का?

प्रश्न : लातूरच्या आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर आहे. चालतोय तर बदलावा का?

उत्तर : बदलाच, आणि लवकर. ३० जून २०२४ नंतर त्याला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय. लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे तो! अल्मालिनक्स ९ घ्या. फुकट आहे, २०३२ पर्यंत अपडेट मिळतील, आणि सेंटओएसवर बसलेला हात तिथंही चालतो. नव्या डिस्कवर कोरं बसवा.

आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. परभणीत एका कामावर मी ते केलं नव्हतं. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी फुगलेली, डिस्क गेली. बॅकअपची फाइल बघतो तर शून्य बाइट. दोन रात्री कार्बनच्या पावत्यांवरून नोंदी भरल्या. तुमच्या यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती, तेही बघून घ्या.