झेवियरशिवाय गोव्यातला एखादा साधा पाद्री सांगाल का? – सांकवाळचे जुझे वाझ

तुमचा प्रश्न असा आहे: ओल्ड गोव्यात झेवियरचं शव पाहून आलो, पण खुद्द गोव्यात जन्मलेला, साधेपणानं राहिलेला एखादा कॅथलिक पाद्री कोण, आणि त्याच्याबद्दल काय जाणून घेण्यासारखं आहे? माझ्याकडे एकच नाव आहे, सांत जुझे वाझ. मुंबईकर असाल तर वांद्र्या-वाशीच्या संस्थांमुळे फादर अ‍ॅग्नेल हे नाव कानावर असेल. तेही गोव्याचेच, हणजुण्याचे. पिलारला त्यांच्या समाधीवर दर गुरुवारी ख्रिस्ती-हिंदू सगळेच जातात, त्यामुळे त्यांची ओळख करून द्यायला माझी गरज नाही. वाझ यांचं नाव मात्र आपल्या मराठी घरांत फारसं कुणी काढत नाही.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. आमचं कुलदैवत वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. हा देव मूळचा सांकवाळचा. १५६७ साली पोर्तुगिजांनी साष्टीतली (दक्षिण गोव्यातला हा भाग, सांकवाळ तेव्हा त्यातच) देवळं पाडायला घेतली, तेव्हा तो झुआरी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेला. ज्यांना जमलं ते देवामागून गेले. बाकीचे घरदार, शेत-भाट धरून राहिले आणि बाटले. वाझ यांचं घराणं या राहिलेल्यांतलं. म्हणजे ज्या गावातून आमचे लोक निघाले त्याच गावची पुढची हकीगत ही. पाद्र्यांविषयी आमच्या घरात प्रेमानं बोलण्याची रीत नव्हती, आणि त्याला कारणं होती. तरी या माणसापुढे मी हात जोडतो.

जन्म २१ एप्रिल १६५१ चा, आजोळी बाणावलीला. वडलांचं गाव हेच सांकवाळ. घर ख्रिस्ती बामणाचं, खाऊनपिऊन सुखी. १६७६ साली पाद्री झाले आणि तेव्हापासून अनवाणी चालू लागले. दुसऱ्या वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी स्वतःला मेरीमातेचा कायमचा दास म्हणवणारं एक दासपत्र लिहून दिलं. भक्तीच्या त्या भाषेत मी फार शिरत नाही, माझा तो प्रांत नव्हे.

त्या काळच्या गोव्यात इथल्या माणसानं पाद्री होणं म्हणजे जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली राहणं. मोठे युरोपीय संघ, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, स्थानिकांना आपल्यात घेत नसत. मग काही गोमंतकीय पाद्री ओल्ड गोव्याच्या टेकडीवर, होली क्रॉस ऑफ मिरॅकल्सच्या इगर्जीत (चर्चमध्ये), स्वतःच एकत्र राहू लागले. चार वर्षं कानडा मुलखात, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीत, काम करून आलेले वाझ १६८५ मध्ये त्यांना मिळाले आणि सांत फिलीप नेरीच्या ओरेटरीच्या (एकत्र राहणाऱ्या पाद्र्यांच्या संस्थेच्या) धर्तीवर या मंडळींचा संघ उभा राहिला. गोऱ्यांनी दार लावलं म्हणून काढलेल्या या घरात पुढे प्रवेश कुणाला, तर फक्त बामणांना. चार्डोंना, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या क्षत्रियांनासुद्धा, नाही. धर्म बदलला तरी जात काही सुटली नाही! हे सांगायला हवं, कारण वाझ यांचं पुढचं वागणं या पार्श्वभूमीवर बघावं लागतं.

तर, सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून घेतलं. डच कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, पोर्तुगीज कॅथलिक. दोघेही ख्रिस्ती, पण एकमेकांचं तोंड न बघणारे. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकललं आणि त्यांना आसरा देणाऱ्यांनाही कडक शिक्षा लावली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना ना मिसा (पाद्र्यानं चालवायची मुख्य उपासना), ना पाद्री. ही बातमी गोव्यात सगळ्यांना ठाऊक होती, जायला कुणी पुढे येत नव्हतं. वाझ नुकतेच आपल्या संघाचे प्रमुख झाले होते. ते पद सोडून १६८६ मध्ये ते निघाले.

लोक त्यांच्या नम्रतेचं कौतुक एक गोड गुण म्हणून करतात. मला ती त्यांच्या कामाची रीत वाटते. गोरा पाद्री जाफन्याच्या बंदरात उतरला असता तर पहिल्या पहारेकऱ्यानंच धरला असता. गोव्यातला एखादा बडेजावाचा पाद्री वेष बदलून गेला असता, तरी त्याच्या मऊ तळपायांनी चहाडी केली असती. वाझ दहा वर्षं अनवाणी फिरलेले, मिळेल ते खाणारे. मजुराचे कपडे घालून, जॉन नावाच्या एका तरुणाला सोबत घेऊन, ते १६८७ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तुतुकुडीहून समुद्रापलीकडे गेले तेव्हा सोंग असं त्यांना करावंच लागलं नाही.

उतरले तेच रक्ती आवेनं अर्धमेले होऊन. दोघंही रस्त्याकडेला पडलेले, आणि कुणा बाईनं पेज आणून दिली म्हणून वाचले, असं सांगतात. अंगात बळ आल्यावर पहिला प्रश्न: इथले कॅथलिक शोधायचे कसे? विचारायची सोय नाही, कुणाकडूनही बातमी फुटू शकते. वाझ यांनी गळ्यात रोझरीची माळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. माळेकडे बघून कुणाची नजर थबकते, कोण दचकतो, कोण आत बोलावतो, एवढंच टिपायचं. शेवटी एका घरानं ओळख दिली. पुढे सिल्लालै या गावानं त्यांना लपवून ठेवलं, आणि रात्री मिसा, पहाटेआधी मुक्काम हलवायचा, असं सुरू झालं.

जाफन्यात डचांचा ससेमिरा वाढल्यावर ते पुत्तलमकडून १६९२ मध्ये डचांच्या ताब्याबाहेरच्या कँडीच्या राज्यात पोचले. तिथं बौद्ध राजा, विमलधर्मसूरिय दुसरा. दरबारातल्या एका फ्रेंच कॅल्विनपंथी माणसानं कान भरले की हा पोर्तुगिजांचा हेर आहे, आणि वाझ कैदेत पडले. कैदेत ते सिंहली शिकले. हळूहळू राजाची खात्री पटली आणि त्यानं त्यांना राज्यात फिरायची, उपासना करायची मोकळीक दिली. यात मला मोठी गंमत वाटते: एका ख्रिस्ती पाद्र्याला ख्रिस्ती डचांपासून संरक्षण मिळालं ते बौद्ध राजाकडून. अवर्षणात वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, म्हणून राजा वळला, अशीही कथा आहे. ज्याला पटेल त्यानं घ्यावी.

मला स्वतःला पटते ती १६९७ ची गोष्ट. कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. ज्यांच्या अंगावर देवी दिसल्या त्यांना घरच्यांनीच रानात नेऊन सोडलं. वाझ आणि त्यांच्या नात्यातले फादर जुझे कार्व्हालो मागे राहिले. रानातल्या या माणसांसाठी त्यांनी झोपड्या उभारल्या, पेज भरवली, फोड धुतले, मेलेल्यांना पुरलं. रोगी बौद्ध की ख्रिस्ती हे विचारलं नाही. बामणांखेरीज कुणाला न घेणाऱ्या घरातून आलेला माणूस अनोळखी लोकांचे पू भरलेले फोड धुतोय, हे नीट डोळ्यांपुढे आणा. सतराव्या शतकातल्या गोव्यात आपल्या दोन्ही बाजूंच्या किती जणांनी ते केलं असतं?

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, कारण ती रंगवून सांगता येत नाही. वाझ यांनी व्यवस्था बसवली. एक पाद्री वर्षातून एखाद्या वेळी गावात येणार, मग बाकी दिवस काय? म्हणून गावोगाव गृहस्थांनाच जबाबदारी दिली: व्यवहार बघणारा मुप्पू, प्रार्थना घेणारा आणि पोरांना शिकवणारा अण्णावी. पाद्री पकडला गेला तरी गाव चालू राहावं, अशी ही रचना. गोव्याहून मदतीला येणारे ओरेटरीचेच पाद्री. त्यातले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस १७०५ मध्ये आले. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली साहित्याच्या इतिहासात आजही त्यांचं नाव घेतात. वाझ यांना बिशपपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही.

१६ जानेवारी १७११ ला कँडीतच ते गेले. गोव्याला परत आलेच नाहीत. ज्या इगर्जीत पुरलं ती पुढे राहिली नाही, आणि थडगं नेमकं कुठे हे आज कुणाला दाखवता येत नाही. झेवियरचं शव दर दहा वर्षांनी खाली आणतात आणि लाखो लोक रांगा लावतात. वाझ यांच्याकडे रांग लावायला काही नाही. विस्मरणाचं निम्मं कारण मला तरी यात दिसतं. उरलेलं निम्मं असं, की त्यांचं काम परदेशात झालं आणि श्रीलंकेनं त्यांना आपलं मानलं. २१ जानेवारी १९९५ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोतच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी तिथेच संतपद दिलं, एरवी लागणारा दुसरा चमत्कार माफ करून.

बघायला काय आहे म्हणाल तर दोन जागा सांगतो. सांकवाळला त्यांच्या नावाचं देवस्थान आहे, १६ जानेवारीला फेस्त आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. प्रवचन कोकणीत असतं, मराठी माणसाला अडत नाही, आणि कुणी तुमचा धर्म विचारत नाही. कारखान्यातल्या एका ख्रिस्ती सोबत्याबरोबर मी जातो. तो मिसेला आत, मी मागच्या बाकावर, आणि नंतर दोघं फेरीत, म्हणजे फेस्ताच्या बाजारात, चणे-खाजं घेतो. गावातच झुआरीच्या बाजूला जुन्या इगर्जीची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे, तीही बघा.

दुसरी जागा तुम्ही नकळत बघितलीही असेल. ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये चमत्कारी क्रूस म्हणून मोठा लाकडी क्रूस आहे, तो वाझ राहत त्या टेकडीवरच्या इगर्जीतला. १८३५ साली पोर्तुगिजांनी धार्मिक संघ मोडीत काढल्यावर ती इगर्जी ओस पडली. तिचे अवशेष वर आहेत, पण मार्गदर्शक सहसा नेत नाहीत. पावसाळ्यात तिथं रान माजतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जा, आणि सापकिरडू असतं म्हणून पायात बूट घाला.