ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं कुठं राहायचं?

प्रश्न : एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिलंच सिझेरियन बघताना भोवळ आली, सिस्टरांनी धरून बसवलं. आता ओटीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. सर्जन होणं आपल्याला जमणार नाही का?
– विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : भोवळीवरून ते ठरत नाही. एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. त्यात उपाशी पोट, मास्कमधली वाफ, कॉटरीचा (रक्त थांबवायला विजेने चटका देणाऱ्या उपकरणाचा) जळका वास. मग नाडी मंदावते, बीपी उतरतं आणि माणूस खाली येतो. होस्टेलवरून नुसत्या चहावर पळत येणारे यात जास्त सापडतात. पोहे किंवा पोळी-भाजी खाऊन, दोन ग्लास पाणी पिऊन या. आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी. गुडघे ताठ आवळून ठेवू नका, मधूनमधून टाचा उचला.

जांभया, कपाळावर गार घाम, कानात गुंजारव, डोळ्यांपुढे अंधारी : यातलं काही जाणवलं की टेबलापासून दोन पावलं मागे सरा, सांगा आणि तिथंच भिंतीला टेकून जमिनीवर बसा. लाजून दाराकडे चालत जाणारा कॉरिडॉरमध्ये पडतो आणि डोकं फोडून घेतो. आधारासाठी ट्रॉली धरणं तर सगळ्यात वाईट. तिच्यावरचा निर्जंतुक अवजारांचा सेट बाद होतो. गुंडाळलेला सेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली साधारण अर्धा तास ठेवावा लागतो. तापणं, वाळणं, निवणं वेगळं. ग्रामीण रुग्णालयात दुसरा सेट तयार असेलच असं नाही.

ऑपरेशनसाठी हात धुतलेले नसतील तर निर्जंतुक कापडापासून किमान 30 सेंटिमीटर लांब राहा, त्याच्याकडे तोंड करूनच सरका आणि दोन निर्जंतुक जागांच्या मधून जाऊ नका. हात धुऊन गाऊन घातला, तरी तो समोरून छाती ते कंबर आणि बाह्यांना कोपराच्या दोन इंच वरपर्यंतच निर्जंतुक धरतात. पाठ नाही, काखही नाही. कंटाळून हाताची घडी घालून बोटं काखेत खुपसली की ग्लोव्हज बाद! मुलं हे हमखास करतात.

आमचं मत विचाराल तर सुरुवातीला विचारून भूलतज्ज्ञांच्या बाजूला, डोक्याकडे उभ्या राहा. सर्जनच्या खांद्यावरून निम्मं दिसतच नाही. इथून कण्यातली भूल दिल्यावर बीपी कसं उतरतं, ते सावरायला काय देतात, टेबल डावीकडे का कलतं करतात (गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून), हे सगळं समजतं. बाई जागी असते, हे मात्र विसरू नका. ‘बापरे, केवढं रक्त’ तिला ऐकू जातं.

प्रश्न : चेहरा दिसत नसेल तर ओटीतला फोटो स्टेटसला ठेवला तर चालतो ना?
– विद्यार्थी, वर्धा

उत्तर : नाही. तालुक्यात कोणाचं ऑपरेशन कधी झालं हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं. हातावरच्या गोंदणावरूनही माणूस ओळखू येतो. फोन बाहेरच ठेवा.

प्रश्न : हर्नियाच्या पेशंटला सिकलसेल आहे म्हणून एसी कमी केला, सलाईन कोमट करून लावलं. एवढं कशाला?
– इंटर्न, गडचिरोली

उत्तर : गारठा, शरीरातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन घटणं, रक्तातलं आम्ल वाढणं, यांनी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो, म्हणून ऑपरेशनआधी सोल्युबिलिटी ही सिकलसेल हुडकणारी रक्तचाचणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तरी पेशंट वाहक आहे की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीने कळतं.

गोची बहुतेकदा ओटीबाहेर होते. ‘रात्रीपासून काही घेऊ नका’ सांगतात, यादीत नंबर खाली जातो आणि पेशंट दुपारपर्यंत कोरडा राहतो. नेहमीच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांना विचारून ते द्या, उशीर होणार असेल तर सलाईन सुरू करा. सिकलसेलवाल्यांचा नंबर पहिला लावणं सगळ्यात सोपं. टाके नीट दिसले म्हणून नंतरचे दोन-तीन दिवस गाफील राहू नका : छातीत दुखणं, ताप, धाप किंवा ऑक्सिजन उतरणं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच वरिष्ठांना बोलवा.