लिक्युअर म्हणजे दारूच ना? आणि ग्रेनाडिन हे डाळिंबाचं लिक्युअर आहे का?

दारूच, पण गोड केलेली. गोव्यात एका हॉटेलात सहा वर्षं बारच्या काउंटरमागे काढली, आता सोलापुरात परत आलोय. आपल्याकडे पाटीवर ‘लिकर’ लिहिलेलं असतं ते कुठल्याही दारूला. लिक्युअर म्हणजे तयार मद्यात फळ, साल, बी नाहीतर मुळ्या भिजवायच्या आणि वर साखर घालायची. युरोपातल्या नियमाने एरवी लिटरमागे किमान 100 ग्रॅम.

स्वाद निम्मे आपल्या मिसळणाच्या डब्यातलेच. इटलीच्या साम्बुकात चक्रीफूल. एक घोट घेतला की जेवणानंतरची बडीशेपच आठवते. पाणी घातलं की ती दुधाळ होते, कारण चक्रीफुलाचं तेल मद्यात विरघळतं, पाण्यात नाही. क्युमेलमध्ये कॅरवे, म्हणजे शहाजिऱ्याचा चुलतभाऊ. मेक्सिकोच्या कलुआत कॉफी. क्वांत्रोत संत्र्याची साल, लिमोन्चेलोत लिंबाची. रस नव्हे, सालच! लहानपणी संत्र्याची साल दिव्यावर पिळून तडतड उडवायचो ना, तेच तेल. फ्रान्सच्या साधूंची शार्त्रूज मात्र तब्बल 130 वनस्पतींची. हिरवी 55 टक्क्यांची असते, त्यामुळे गोड लागते म्हणून फसू नका.

नावांवर तर अजिबात जाऊ नका. दिसारोन्नो नावाची आमारेत्तो, म्हणजे बदामी स्वादाचं इटालियन लिक्युअर, घरी आणली होती. आमच्या वहिनी नुसत्या वासावर म्हणाल्या, “बदामाचं सरबत दिसतंय.” त्यात बदाम नाहीच, जर्दाळूच्या बियांतला गर असतो; वास देणारं द्रव्य दोघांत एकच. क्रेम द मांथमध्ये पुदिना आहे, क्रीमचा थेंब नाही. ‘क्रेम’ म्हणजे साखर जास्त, बस्स. खरी साय बेलीजमध्ये, आयर्लंडची, 1974 पासूनची. तिच्यात लिंबू पिळलं की फाटते. हे मी गिऱ्हाइकासमोर करून बसलोय.

आता तुमचं ग्रेनाडिन. नाव फ्रेंचमधल्या डाळिंबावरूनच आलंय, पण ते लिक्युअर नाही, साधं सरबत आहे. बाटलीबंद मिळतं त्यात बऱ्याचदा डाळिंबही नसतं, रंग आणि इसेन्स. त्यापेक्षा सांगोल्याची चार डाळिंबं आणा, रस मंद आचेवर निम्मा आटवा, तेवढीच साखर, अर्धं लिंबू. आमच्या बारमध्ये एवढं चांगलं कधी आलंच नाही.