शेजारच्या टेबलाचा पगार

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.कॉम., वय 25. तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात दोन वर्षांपासून कंत्राटावर डेटा एंट्री ऑपरेटर आहे. हातात 14,500 पडतात. शेजारच्या टेबलावरच्या कायम लिपिक बाईंना साठ हजारांच्या आसपास. वडील लिहितात, ‘समान काम, समान वेतन हा सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे. म्हणजे ती आज ना उद्या कायम होणारच. पण ती म्हणते, नोकरी सोडून पुण्याला परीक्षेचा अभ्यास करायचाय. तुम्ही तिला चार शब्द समजावून सांगा.’

दादा, नमस्कार. चार शब्द सांगायचे आहेत, पण तिला नाही, तुम्हाला.

पगाराचं नंतर बघू. पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, नवा आदेश येईपर्यंत मुलगी घरी असते, आणि तेवढे दिवस ‘भावकीत आम्ही रजा टाकलीय म्हणून सांगतो.’ गेल्या खेपेला हे 26 दिवस चाललं म्हणता. म्हणजे 26 दिवस दाराशी कुणी आलं की त्या पोरीनं रजेचं कारण सांगायचं. आधीच बिनपगारी, त्यात हे आणखी एक बिनपगारी काम तुम्ही तिला लावलंत. लग्नाच्या बायोडाट्यात तुम्ही ‘शासकीय सेवेत’ असं लिहून बसलाय. तिला अभ्यासाला जाऊ दिलं तर तो कागद बदलावा लागेल, आणि तुमची खरी अडचण तेवढीच आहे. राग येईल, येऊ द्या. अख्ख्या पत्रात ‘आमची इच्छा’ पाच वेळा आलीय. तिचं मत एकदाच, तेही ‘हट्ट’ म्हणून.

आता निकालाचं. निकाल खरा आहे. समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेच्या कलम 39 मधलं तत्त्व. दिल्ली पोलिसातल्या एका चालकाच्या प्रकरणात 1982 साली सुप्रीम कोर्टानं त्याला धार दिली, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये पंजाबच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं की कायम माणसाइतकंच काम करणाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीची सगळ्यात खालची पायरी मिळायला हवी. खालची पायरी, दादा. आपल्याकडे लिपिकाचं मूळ वेतन 19,900 पासून सुरू होतं. शेजारच्या बाईंच्या साठ हजारांत त्यांच्या कित्येक वर्षांच्या वेतनवाढी आहेत, त्या या निकालानं तुमच्या लेकीला मिळत नाहीत. आणि ‘कायम’ हा वेगळाच प्रश्न. 2006 साली उमादेवी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं सांगून ठेवलंय की रीतसर भरतीतून न आलेल्या माणसाला केवळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. अपवाद झालेत. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना सुप्रीम कोर्टानं कायम करायला लावलं. पण त्यांची सेवा किती झाली होती? दहा वर्षांच्या बरीच वर, मध्ये कामावरून काढलं तेही सोसून. तुमच्या मुलीची दोन झालीत.

आणखी एक, आज संध्याकाळीच बघा. तिचा आदेश कुणाच्या लेटरहेडवर आहे? कार्यालयाच्या की एखाद्या एजन्सीच्या? पीएफ कोण भरतं? एजन्सी असेल तर कागदावर ती सरकारची नोकर नाहीच, आणि समान वेतनाचं भांडण आणखी लांब जातं. थेट कार्यालयाचा करार असेल तर मागणी करायला जागा आहे. मात्र काम सारखं आहे हे तिलाच दाखवावं लागतं. खुर्ची शेजारी असून भागत नाही. कोर्ट जबाबदारी बघतं, पात्रता बघतं, सही कुणाची चालते ते बघतं. म्हणून कामवाटपाचे आदेश, हजेरी, करारपत्रं यांच्या प्रती तिनं घरी फाईल करून ठेवाव्यात. एकटीनं अर्ज करण्यापेक्षा तिच्यासारखे जिल्ह्यात आणखी जे असतील त्यांच्याबरोबर करावा.

परीक्षांचं तुम्हाला ठाऊकच आहे. लिपिक-टंकलेखक एमपीएससीतून भरतात, पदवी झालीय, मिनिटाला 30 शब्दांचं मराठी टायपिंग काढून घ्यावं, खुल्या गटालाही वयाची मर्यादा 38 आहे. पुण्याला जायलाच हवं असं मात्र मला वाटत नाही, हे तिलाही सांगा. खोलीभाडं आणि मेसमध्ये तुमचा बेदाणा संपेल. सांगलीत एखादी अभ्यासिका धरून, पहिले सहा महिने नोकरी न सोडता बघावं. जमेना, तर सोडावी. 14,500 ची नोकरी सोडणं म्हणजे वतन सोडणं नव्हे.

जाता जाता. पत्राच्या शेवटी खर्च सांगताना तुम्ही लिहिलंय की यंदा विरळणीला गडी 600 आणि बाया 350 घेतात, ‘काम दोघांचं तेच.’ हे वाचून मी चष्मा पुसला. बाई-पुरुषांना सारख्या कामाची सारखी मजुरी, हा कायदा 1976 सालीच झाला. लेकीसाठी तुम्ही दाखवता त्या 2016 च्या निकालाआधी चाळीस वर्षं.

रविवारी विट्याची मंडळी बघायला येणार आहेत ना? पोहे पुढं करायच्या आधी पगाराचा आकडा सांगा, आणि करार कोणत्या तारखेला संपतो तेही. ती अभ्यास करणार आहे हे तिला स्वतःला सांगू द्या.